नटावरचा अंगठा

"हात सोड आता," शेजारच्या सीटवरून हे म्हणाले. "काय म्हणतंय बघू."

मी स्टीअरिंगवरचे हात जरासे उचलले. गोदामांच्या भिंतीलगतचा तो रस्ता पट्टीने आखल्यासारखा. गाडी त्यावरून सरळ चालली होती. स्टीअरिंग मात्र डावीकडे मान टाकून बसलं होतं.

"मघाशी उजवीकडे होतं ना?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो. मघाशीही डावीकडेच होतं. आता जास्त झालंय."

"असं कसं? मी तर ते काढलं."

पुढचं चाक खडखडत होतं म्हणून ह्यांनी घरीच टाय रॉडचं टोक बदललं आणि तेव्हापासून स्टीअरिंग तिरकं झालं. टाय रॉड म्हणजे स्टीअरिंग आणि चाक यांना जोडणारा दांडा; तो दोन्ही बाजूंना एकेक असतो. एका बाजूचा दांडा जेवढा लांब करायचा, तेवढाच दुसऱ्या बाजूचा आखूड करायचा, म्हणजे चाकं होती तशीच राहतात आणि स्टीअरिंग तेवढं मध्यावर येतं. हे मला ह्यांनीच शिकवलं, तेही बशीत दोन चमचे ठेवून. जन्मभर पाण्याच्या पंपांची दुरुस्ती केलेला माणूस. पंपाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि आतलं दुखणं सांगायचं.

लेक फोनवर म्हणाली होती, "आई, बाबांना डॉक्टरांकडे ने. तेच तेच विचारतात गं ते." मी तिला म्हटलं, वय झालं की होतं असं. रविवारी ती येणार होती. तोवर गाडी ह्यांच्या हातून नीट झाली असती, तर मला तिला सांगता आलं असतं, बघ, बाबांना काही झालेलं नाही. माझं सगळं त्या स्टीअरिंगवर अडकलं होतं.

घरी येऊन मी पुन्हा गाडीत बसले. हे समोर तोंड करून बॉनेटपाशी उभे राहिले, हातात पाना घेऊन.

"कुठल्या बाजूला म्हणालीस?"

"डाव्या."

हे माझ्या उजव्या बाजूच्या चाकाकडे वळले, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लहान मुलांना कवायत शिकवताना बाई मुलांकडे तोंड करून उभ्या असतात. 'उजवा हात वर' म्हणताना बाईंना स्वतःचा डावा उचलावा लागतो, नाहीतर अख्खा वर्ग चुकतो.

"अहो, तुमचा डावा तो माझा उजवा! आपण दोघं समोरासमोर आहोत!"

हे खो खो हसत सुटले. "घ्या! आणि मी त्या बिचाऱ्या नटाला शिव्या घालतोय. बाई, आधी सांगायचं की!"

मीही हसले. इतकं हलकं वाटलं. एवढंच होतं तर!

पण पुढच्या फेरीतही स्टीअरिंग तिरकंच होतं. मला काही कळेना. नंतर मी गाडीतून उतरून नुसती बघत उभी राहिले. ह्यांनी डावा दांडा आत फिरवला. फडक्याला हात पुसले, दुसऱ्या बाजूला जायला निघाले, मध्येच थांबले. मग परत त्याच चाकापाशी बसले आणि तोच दांडा बाहेर फिरवला.

"कुठं होतो गं मी?" त्यांनी विचारलं.

मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात अशी मुलं असत. मिळवलेलं वजा करायची आणि उत्तर का जमत नाही म्हणून कावरीबावरी व्हायची. त्यांना 'चुकलं' म्हटलं की संपलंच. मी घरात गेले, जुन्या डब्यातला खडू आणला आणि दोन्ही दांड्यांवर एकेक बाण काढला.

"बाणाकडे फिरवायचं. एक दांडा झाला तरी बाण पुसायचा नाही. मग दुसरा."

"आता मला शिकवणार तू?"

"पगार घेतलाय तेवढ्यासाठी."

गुरगुरत का होईना, त्यांनी केलं. नट आवळले. त्या संध्याकाळी गोदामांच्या रस्त्यावर मी हात सोडले, तर स्टीअरिंग वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखं ताठ.

"किती मार्क, बाई?"

"पैकीच्या पैकी."

घरी येताच लेकीला फोन केला. ह्यांचं कौतुक सांगता सांगता मला धाप लागली.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप विसळत होते, तर दारात हे. हातात पाना.

"चल, बस गाडीत. स्टीअरिंग तिरकं आहे म्हणत होतीस ना? आज बघूनच टाकतो."

मी कप पालथा घातला आणि जाऊन गाडीत बसले. कालच सरळ झालंय हे नंतर सांगता येईल, असं काहीबाही मनात होतं. तोवर हे बाजूने गाडीखाली सरकलेही. बाहेर फक्त चपला घातलेले पाय.

"हं, सांग. कुठल्या बाजूला?"

स्टीअरिंग माझ्यासमोर सरळ होतं. उत्तर न येणाऱ्या मुलालाही मी कधी खोटे मार्क दिले नव्हते.

"सरळ आहे," मी म्हटलं.

"सरळ?" पान्याचा आवाज थांबला. "कुणी केलं?"

"तुम्ही. काल."

खालून आवाज आला, "हा खडूचा बाण तुझा."

"हो."

"मला नाही आठवत."

मी स्टीअरिंग घट्ट धरून बसले. नट आवळून झाला की त्यावरून ग्रीसचा अंगठा ओढायचा, ही ह्यांची पंपांपासूनची सवय. काम संपलं, याची ती खूण. हाताखालच्या कुणालाच ती जमत नसे.

"पण अंगठा माझाच आहे," हे सावकाश म्हणाले.

मी उतरून वाकून पाहिलं. डोळे मिटून ते पाठीवर पडले होते आणि नटावरच्या त्या काळ्या ठशावर त्यांनी आपला अंगठा टेकवून ठेवला होता.