नुसतं पाणी

औषध मोठं हट्टी होतं. पाण्यात घातलं की रुसल्यासारखं तळाशी जाऊन बसायचं. तपासणीसाठी ते मिथेनॉलमध्ये विरघळवावं लागे, आणि मिथेनॉल म्हणजे विष, वासालाही वाईट. त्याऐवजी युरिया घातलेल्या पाण्यात ते विरघळेल, असं धाकटी केमिस्ट वर्षभर सगळ्यांना सांगत होती. गरम असेपर्यंत विरघळायचंही.

साहेबांना दाखवायच्या दिवशी मात्र द्रावण गार झालं आणि गढूळलं. साहेब जिना चढत होते. तिने मागचापुढचा विचार न करता त्यात मिथेनॉल ओतलं. द्रावण नितळ झालं, साहेबांनी पाठ थोपटली. मग रोजच ओतावं लागलं. एरवी लोक म्हणतात, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे पाण्यातच मिथेनॉल मुरत होतं.

तिची वहिनी त्याच प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. दिवस गेल्यावर, विषारी वास नको म्हणून तिला पॅकिंगला पाठवलं होतं. तिथे दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजत. आता काय, नुसतं पाणीच, म्हणून साहेबांनी तिला परत बोलावलं. वहिनी खूश झाली. घरी दादा जेवताना बहिणीचं कौतुक करायला लागला, तेव्हा बहीण ताटातला भात चिवडत राहिली. ती आत्या होणार होती, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. स्वतःची तिला किळस आली.

दुसऱ्या दिवशी वहिनी बेसिनपाशी चंबू धूत होती. हातमोजे नाहीत, मास्क नाही, वर गुणगुणणं चाललेलं. नणंदेने पुढे होऊन चंबू काढून घेतला.

"वहिनी, हे नुसतं पाणी नाही. यात मी मिथेनॉल घालते. पहिल्या दिवसापासून."

वहिनीने नळ बंद केला. नणंदेने चंबू बाजूला ठेवला.

"तू बाहेर जाऊन बस. मी साहेबांना आत्ताच सांगून येते."

वहिनीने एप्रनला हात पुसले. घरात ती नणंदेला थट्टेने वन्सं म्हणायची. आजही तसंच म्हणाली, पण थट्टा नव्हती.

"वास मला पहिल्याच दिवशी आला होता, वन्सं. पण म्हटलं, तुम्ही पाणी म्हणताय, म्हणजे पाणीच असणार. मी माझ्याच नाकाला खोटं ठरवलं."