कडी नसलेली होडी

तय्यबची बायको हफिजा गेली हे कळलं त्या दिवशी तुडीलला लख्ख ऊन पडलं होतं. सावित्रीचं पाणी उतरलं होतं आणि भातखाचरांवर चिखलाचा थर बसला होता. पलीकडच्या काठावरची दोन माणसं पुलावरून फिरून आली. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तय्यबच्या मुलीने, उझ्माने, हंबरडा फोडला. तय्यब उठून बंदरावर गेला.

त्याची होडी तिथेच होती. चिखलात कुशीवर पडलेली, एक फळी फुटलेली, पोटात गाळ. साखळी मात्र शाबूत होती. कुलूपही शाबूत होतं.

त्या पावसाळ्याच्या आधी वाळूवरून बोंब झाली होती. वाळू कोण चोरतो ते सापडेना, तेव्हा कचेरीतून एक साहेब आला आणि काठावरच्या यच्चयावत होड्यांना साखळ्या घालून गेला. दगडात ठोकलेला लोखंडी खुंट, त्याला आखूड साखळी, वर कुलूप आणि किल्ली महाडच्या कचेरीत. सरपंच रावजी त्या साहेबामागे छत्री धरून हिंडत होता.

तय्यबने त्याला तेव्हाच अडवलं होतं. "रावजी, पावसात होडी अशी आखूड बांधत नाय रे. पाणी चढलं का होडीनं बी चढाया पायजे. आपण सगळे लांब दोरीनं वरच्या चिंचेला बांधतो, ते काय उगाच?"

"साहेबाला शिकवू नको," रावजी म्हणाला होता. "नियम सगळ्यांना सारखा."

पूर आला तेव्हा हफिजा पलीकडे होती. बहीण तापाने पडली होती म्हणून तिला पेज करून घालायला गेली होती. बहिणीचं घर अगदी काठावर. दुपारी त्या घराच्या कौलांवर चढलेली माणसं अलीकडून दिसत होती. तय्यबला हफिजाची पिवळी ओढणी ओळखू आली. तुडीलपर्यंत भरती येते. भरती चढत असते तोवर पुराच्या पाण्याची ओढ जरा थोपते. तेवढ्यात एक फेरी झाली असती. पण तय्यब कुलपावर पहार घालत बसला होता. पाणी त्याच्या गुडघ्याला आलं, कमरेला आलं. होडी वर येऊ बघत होती आणि साखळी तिला खाली धरून होती. शेवटी होडीच्या काठावरून पाणी आत शिरलं आणि होडी त्याच्या डोळ्यांदेखत जागच्या जागी बुडाली. मग ओहोटी लागली आणि नदी सुटली. ते घरही गेलं.

लोक समजूत घालायला आले. म्हणाले, अल्लाची मर्जी. तय्यब म्हणाला, "पानी अल्लाचं, कबूल. कुलूप कुणाचं?" रावजी तर दिवसकार्याला येतात तसा तोंड पाडून आला आणि चहा न घेता गेला.

पुढे तुडीलच्या आखातातल्या पोरांनी वर्गणी काढली आणि गावासाठी नवी होडी घ्यायचं ठरवलं. पुरात उपयोगी पडेल अशी, फायबरची. ती ग्रामपंचायतीच्या नावाने घेतली, कारण नाव कुणाचं तरी लागतं. पण ताब्यात घ्यायची आणि सजवायची कुणी, तर सगळ्यांनी तय्यबचं नाव घेतलं. तय्यब म्हणाला, "घेतो. पण एक शब्द द्या. हिला कुलूप लागता नये." सगळ्यांनी माना हलवल्या. रावजीनेही हलवली.

होडी आणणारा ट्रकवाला महाडचा फाटा चुकला आणि थेट पोलादपूरला जाऊन थांबला. निरोप मिळताच तय्यब तिथे गेला; त्याला वाईट वाटलं नाही. पोलादपूरला त्याचा जुना दोस्त गोमाजी सुतार होता. डोंगरावरच्या कुडपणचा माणूस, पण हायवेच्या कडेला त्याची शेड होती. दोघांनी चार माणसं गोळा केली आणि होडी उतरवून शेडमध्ये घेतली.

गोमाजीने होडीभोवती एक फेरी मारली आणि प्लास्टिकची वल्ही उचलून बघितली. "तय्यब, ही वल्ही हायत का भात वाढायच्या पळ्या रे?"

"लग्नात वाढाया होतील."

"आणि बसायच्या फळ्या?"

"फळ्या तुझ्याकडं. म्हणून तर ट्रक हितं आला."

"ट्रकवाल्यास अक्कल हाय म्हणायची. तुझ्यापरास जास्त."

बऱ्याच दिवसांनी तय्यबला हसू आलं आणि लगेच त्याचा त्यालाच राग आला.

मग कामाला जुंपले. गोमाजीने सागाची लांब वल्ही तासली. बसायच्या फळ्या केल्या, वल्ही अडकवायला बाजूंना खुंट्या बसवल्या. तय्यबने दोन्ही अंगांना जुने टायर बांधले, म्हणजे भिंतीला होडी आपटली तरी फुटायची नाही. लांब बांबू, पाणी उपसायला कापलेला डबा, चिंचेपर्यंत पुरून उरेल असा दोर, सगळं त्याने स्वतः जमवलं. राहिली नाळेवरची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरची लोखंडी कडी. कारखान्यातूनच चांगली जाड बसवून आलेली. तय्यबने ती हाताने हलवून बघितली.

"ही काढ," तो म्हणाला.

"अरे, मजबूत हाय की."

"म्हणून काढ. कडी दिसली का साखळी घालायची बुद्धी होते मानसाला."

गोमाजीने त्याच्याकडे पाहिलं आणि पाना उचलला. भोकं लाकडाच्या मेखा ठोकून आणि वरून लेप देऊन बुजवली. कडीच्या जागी दोर गुंडाळायला एक बुटका लाकडी खांब बसवला. त्याला दोर छान बसत होता. साखळी घातली तर घसरून पडत होती. तय्यबने दोनदा घालून बघितली.

दुसऱ्याच दिवशी रावजी गाडी घेऊन आला. गाडीत लोकार्पणाचा फलक होता. त्यावर रावजीचा फोटो एवढा मोठा होता की होडीचं चित्र त्याच्या खांद्याआड गेलं होतं. फलकाखाली नवी कोरी साखळी आणि पितळी कुलूप.

"वा, तय्यबभाई! नवरीसारखी सजवलीत," रावजी म्हणाला. मग वाकला. "हिची कडी कुठाय?"

"काढली."

"का?"

"तू काय आनलंस ते बघ म्हंजे कळंल."

रावजीचा आवाज चढला. "ही पंचायतीची मालमत्ता आहे. चोरीला गेली तर जाब मला विचारतील."

"कोन चोरील? चोरली तर नदीतच चालवील ना? का वरंधच्या घाटात नेऊन वल्हवील?"

गोमाजी रंधा मारता मारता म्हणाला, "आमच्या कुडपणास ठेवा. तितं नदीच नाय. चोर कशाला येतोय?"

"गोमाजी, तू मध्ये बोलू नको," रावजी म्हणाला. "तय्यबभाई, तुमचं दुःख मला कळतं. पण त्या दिवशी होडी सुटी असती तरी काय झालं असतं? गेला असतात तर तुम्हीही राहिला नसतात."

तय्यबने हातातला दोर खाली ठेवला. "ते माजं मी बघितलं असतं. बुडलो असतो तर तिच्याकडं जाताना बुडलो असतो. तू मला काठावर कुलूप कुटत बसवलंस, रावजी. ती तिकडून बघत होती. नवरा येत का नाय, एवढंच तिला दिसत होतं. का येत नाय, ते कुलूप तिला तिथून दिसत नव्हतं."

शेडमध्ये रंधा थांबला. रावजी बाहेर हायवेकडे बघत राहिला.

"मान हलवली होतीस तू," तय्यब म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"मान हलवणं म्हणजे ठराव नव्हे," रावजी म्हणाला. "कडी बसवा, मग लोकार्पण. नाहीतर होडी पाण्यात उतरणार नाही." फलक तसाच गाडीत ठेवून तो निघून गेला. साखळी मात्र शेडच्या दारात टाकून गेला.

गोमाजीने ती पायाने बाजूला सारली. "भंगारात घालतो."

"नको," तय्यब म्हणाला. "त्याची त्याला परत दे."

होडी टेम्पोने तुडीलला आली. तय्यबने ती बंदराच्या वर, कोरड्यात ठेवली आणि लांब दोराने चिंचेला बांधली. पाणी तिथवर चढलं तर ती आपोआप उचलली जाईल.

त्यांच्या घरात एक रीत होती. नवी होडी पाण्यात घालायची तर आधी घरच्या बाईने नाळेवर तांब्याभर नदीचं पाणी ओतायचं, मगच पुरुषांनी ढकलायची. जुन्या होडीवर हफिजाने ओतलं होतं. "गो, ह्यांना रोज घरी आणत जा," असं तिने होडीला बजावलं होतं.

उझ्मा तांब्या घेऊन आली. "अब्बा, मी घालू?"

"आत्ता नाय," तय्यब म्हणाला. "रावजीला ग्रामसभेत उभं राहून बोलू दे, कुलूप लावनार नाय म्हनून. मग घाल."

उझ्माने तांब्या चिंचेच्या बुंध्याशी उपडा ठेवला. रावजीने अजून ग्रामसभा बोलावलेली नाही. नाळेवर पाणी घालायचं राहिलं आहे.