मी खाल्लेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. विलेपार्ल्यात विद्याधरांच्या घरी, टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली बसलेला असतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कॅसेट हातातही धरली नसेल. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

विद्याधरांनी मला आणलं तेव्हा काय थाट होता माझा! त्यांची मुलगी मधुवंती लग्न होऊन परदेशी गेली होती. तिची आई सुनंदाबाई दर रविवारी माझ्यासमोर बसून तिला बोलकं पत्र पाठवायच्या. मधेच थांबून विचारायच्या, "जेवलीस का गं?" जणू मधुवंती माझ्या पोटातच बसलीय! शेवटची कॅसेट पाठवायची राहिली आणि सुनंदाबाई गेल्या. मला माळ्यावर ठेवून दिलं. ती कॅसेट माझ्या आतच राहिली.

बऱ्याच वर्षांनी विद्याधरांच्या मुलाच्या मुलाने, ओजसने, मला खाली उतरवलं. तो कॉलेजात होता आणि त्याच्या डोक्यात ब्लॅक मेटलचं खूळ शिरलं होतं. आता हे काय प्रकरण? तर गिटारचा नुसता गोंगाट, ड्रम सुसाट सुटलेले, आणि गाणारा घसा फोडून किंचाळतोय. तोंडाला पांढरं फासायचं, डोळ्यांभोवती काळं, अगदी मढ्यासारखं. तिघांचा बँड होता, नाव 'वेताळघटका'. ओजस गिटारवर, केतन ड्रमवर, आणि किंचाळायला वेसाव्याच्या कोळीवाड्यातला निमेश.

हे संगीत म्हणे बर्फाच्या देशातलं. आता वेसाव्यात बर्फ कुठून आणायचा? पण निमेशच्या काकाचा मासळीसाठी बर्फाचा कारखाना होता, आणि रविवारी दुपारी तो बंद असायचा. लाद्या ठेवायच्या खोलीत ही पोरं तोंडं रंगवून, दात वाजवत वाजवायची. त्यांचा नियमही अजब होता. एकदाच वाजवायचं, चुकलं तरी तेच ठेवायचं, आणि मूळ कॅसेट कधी म्हणजे कधीच कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर उतरवायची नाही. बर्फाच्या लादीवर हात ठेवून तिघांनी तशी शपथ घेतली होती. त्यांची शपथ झाली, पण माझी वाट लागली. तिथली ओल आणि खारी हवा माझ्या रबराच्या रोलरला जी चिकटली, ती कायमची.

आणि पहिल्याच दिवशी ओजसने घोडचूक केली. माझ्यातल्या कॅसेटवर नाव नव्हतं. कोरी असेल म्हणून त्याने तिच्यावरच गाणी भरली. पण जुनं पुसायचं माझं काम तोवर अधू झालं होतं. गिटार थांबली की तळातून एका बाईचा पुसट आवाज यायचा, "जेवलीस का गं?"

ओजसने दुसऱ्या कॅसेटींवर फक्त गाण्यांच्या नकला काढून लोकांना वाटल्या. त्या कुठल्या कुठे पोचल्या, कुणीतरी इंटरनेटवरही चढवल्या. परदेशातल्या पोरांना वाटलं, तो बाईचा आवाज म्हणजे कुणा प्रेताचा मंत्र आहे! 'वेताळघटका'चं नाव झालं, तसं वाजवणारे दहा बँड निघाले. ओजसला मात्र आजीचा आवाज ओळखू आला होता. तो आजोबांसमोर जाऊन रडला. विद्याधरांनी ती जागा पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, नशीब, थोडी तरी राहिली.

पुढे त्या आवाजावरूनच बँड फुटला. केतनला प्रत्येक गाण्यात भूत हवं होतं. निमेश म्हणायचा, भूत कसलं रे, ती याची आजी आहे, तिला आता सोडा. अंधेरीच्या एका हॉलमध्ये, भर कार्यक्रमात दोघं हातघाईवर आले. केतनने झांज फेकून मारली, निमेशची भुवई फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तोही खेळातलाच भाग वाटला. त्यानंतर तिघं पुन्हा एकत्र आले नाहीत. निमेश घरच्या बोटीवर जाऊ लागला. दोन वर्षांपूर्वी बोट उलटली. बाकीचे परत आले, तो आला नाही. काही सापडलंही नाही.

मग एका रविवारी त्याची आई सरूबाई आमच्या दारात उभी राहिली. लेक गेला हे ती मानायलाच तयार नव्हती. त्याचे दिवससुद्धा तिने घालू दिले नव्हते. मुलगी हेमांगीने तिला मोबाईलवर निमेशची गाणी ऐकवली होती.

"यो माजा पोर नाय," ती ओजसला म्हणाली. "कोन जनावर कोंडल्यावानी वरडतंय. माजा पोर बोलायचा कसा, तेवढं आयकव."

साधं बोलणं फक्त मूळ कॅसेटवर होतं, दोन गाण्यांच्या मधलं. ओजसने ती कपाटातून काढली. विद्याधर म्हणाले, आधी मोबाईलवर उतरवून घे रे. ओजस अडला. निमेशबरोबर घेतलेली शपथ आहे, म्हणाला. आणि त्याने बटण दाबलं.

"ओजस, थांब ना यार," निमेश म्हणाला. सरूबाई दचकून पुढे सरकली. "आईनं..."

आणि माझ्या चिकट रोलरने कॅसेट खाल्ली.

हो, मीच खाल्ली. दोन वीत फीत माझ्या दातांत चुरगळून गेली. "परत लाव," सरूबाई म्हणत राहिली. कुणाला तिच्याकडे बघवेना. मला त्या क्षणी भंगारात जावंसं वाटलं.

ओजसने आठवडाभर त्या फितीचा पिच्छा पुरवला. नखाने सुरकुत्या काढल्या, तुटलेलं चिकटवलं, माझा रोलर स्पिरिटने घासला. पुढच्या रविवारी सरूबाई आली तेव्हा मोबाईल आधीच चालू करून ठेवला होता. शपथेचं नावही कुणी काढलं नाही.

मी जिवाच्या आकांताने ती फीत सांभाळून नेली. निमेश बोलला. पण चुरगळलेल्या जागी त्याचा आवाज हेलकावत होता, बुडत होता, बुडबुड्यांतून वर येत होता. "आईनं बोंबील दिलेत, आधी खाऊ. नायतर घरात घेनार नाय ती."

सरूबाईने माझ्या जाळीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"यो माजा पोर," ती म्हणाली. "पान्यातनं बोलतो."

मग डोळे पुसून तिने ओजसकडून हेमांगीला फोन लावून घेतला आणि निमेशचे दिवस घालायला सांगितले.

मित्रांनो, निमेश ते बोलला होता कोरड्या, खणखणीत आवाजात, हसत हसत. मी तेव्हा समोर होतो. समुद्राने त्याला नेलं, पण त्याच्या आवाजात पाणी घातलं ते मी. म्हणून सांगतो, घरातलं माणूस बोलतंय तोवर त्याचं बोलणं जपा, आणि माझ्यासारख्याच्या भरवशावर तर मुळीच ठेवू नका. आणि कधी वेसाव्याला गेलात, सरूबाई भेटली, तर एवढी विनंती आहे. ते पाणी समुद्राचं नव्हतं, हे तिला सांगू नका.