बुटक्या खुर्चीवरची ठकठक

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी लाकडी खुर्ची आहे आणि खरं सांगायचं तर भित्री आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसली आली भीती? पण माझं अख्खं आयुष्य एका वकीलबाईंच्या ऑफिसात गेलं. माझ्यावर बसायला आलेलं प्रत्येक लेकरू घाबरलेलंच असायचं. ते बसलं की त्याची भीती माझ्या फळीतून पायांपर्यंत उतरायची. मला चार पाय असून पळून जायची सोय नाही. म्हणून बसून बसून सगळं सोसलं.

माझा जन्म चुकून झाला. वकीलबाईंनी नवीन ऑफिस थाटलं तेव्हा सुतारकाकांना चार खुर्च्या सांगितल्या होत्या. तीन नीट झाल्या. चौथीच्या, म्हणजे माझ्या वेळी काका कुणाशी तरी गप्पा मारत होते आणि माझा एक पाय बोटभर आखूड कापला गेला. मग त्याच्या बरोबरीला दुसरा कापला, तर तो जास्तच कापला गेला. पुन्हा तिसरा, पुन्हा चौथा. असं करता करता मी गुडघ्याएवढी उरले. काका डोकं खाजवत म्हणाले, "बाई, ही फुकट ठेवा. फुलदाणी तरी ठेवता येईल."

वकीलबाईंची कामं नवरा-बायकोच्या भांडणांची. दोघं वेगळे झाले की मूल कुणाकडे राहणार, दुसऱ्याला कधी भेटणार, त्याच्या शाळेचा, औषधाचा, कपड्यालत्त्याचा खर्च कोण किती देणार, हे कागदावर आणून कोर्टापुढे मांडायचं. मूल कुणाकडे राहणार याला तिथे 'ताबा' म्हणतात. मला तो शब्द कधीच आवडला नाही. दुकानाचा ताबा घेतात तसा मुलाचा कसा घ्यायचा? पण मला कोण विचारतंय.

पहिल्याच महिन्यात एक पाच वर्षांचं पोर आलं. मोठ्या खुर्चीवर त्याचे पाय लोंबकळत होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. ते उतरलं, फुलदाणी उचलून जमिनीवर ठेवली आणि माझ्यावर बसलं. त्याचे पाय जमिनीला टेकले. थोड्या वेळानं ते आपणहून बोलायला लागलं. त्या दिवसापासून वकीलबाईंनी नियम केला की या खुर्चीवर मूल बसलं असताना त्याला काहीही विचारायचं नाही. आई हवी का बाबा, हे तर मुळीच नाही. ते बोललं तर ऐकायचं.

मोठ्यांसाठी त्यांचा वेगळा नियम होता. कुणीही आलं की त्या म्हणायच्या, "मुलाचा एक दिवस सांगा. सकाळी उठल्यापासून." अनेकांची गाडी दुसऱ्या वाक्याला 'तो असा आहे' किंवा 'ती तशी आहे' यावर यायची. मग वकीलबाई पेन खाली ठेवून म्हणायच्या, "पुन्हा पहिल्यापासून." दात कोण घासून देतं, डबा कोण भरतं, ताप आला तर रजा कोण काढतं, हे सगळं त्या लिहून घ्यायच्या. सुरुवातीला बाकीचे वकील हसायचे. पुढे त्यांच्यातलेच दोघं-तिघं मला बघायला आले आणि म्हणाले, अशी एक आम्हालाही करून घ्यायला हवी. तेव्हा मी जरा फुगले होते, लपवत नाही.

आता ठकठकची गोष्ट सांगते. ती सात वर्षांची होती. तिचं खरं नाव फायलीवर होतं, पण मी तिला ठकठक म्हणायचे, कारण बसली की ती टाचेनं माझ्या पुढच्या आडव्या दांडीवर सारखी ठकठक करायची. माझी दांडी दुखायची, पण ती ठकठक चालू असली की पोर खुशीत आहे हे मला कळायचं.

तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. हात एकदम स्थिर, पण आमच्याकडे पाण्याचा पेला धरला की तो हिंदकळायचा. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि वेगळे राहायचे. त्यांनी आईला बजावलं होतं, "खर्च मागितलास तर पोरीला मीच नेईन. दोन खोल्यांत तिला कशी वाढवतेस, ते कोर्टाला सांगतो."

आई म्हणाली, "मॅडम, मला त्यांचा एक रुपया नको. तसं लिहून देते. फक्त पोर माझ्याकडे राहू दे."

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, तो खर्च तुमचा नाही, तिचा आहे. तिच्या हक्काचं तुम्ही कसं सोडून देणार? आणि उद्या त्यांनी पैसे दिले नाहीत, म्हणून भेटूच देणार नाही, असंही म्हणायचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवर दुसरीचा सौदा करायचा नाही."

आईनं मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरची भीती काही हलली नाही.

तारखा पडत गेल्या. मग एक दिवस निरोप आला की येत्या शुक्रवारी न्यायाधीश मुलीशी स्वतः बोलणार. त्यांच्या खोलीत, एकटीशी. आई-बाबा बाहेर, वकीलही बाहेर.

त्यानंतर ठकठक आली ती दोन्ही पाय जुळवून बसली. दांडीला टाच लागलीच नाही. आई बाहेर कागदांवर सह्या करत होती आणि वकीलबाई फोन घ्यायला खिडकीशी गेल्या होत्या. तेवढ्यात ती मान खाली घालून पुटपुटायला लागली. "मला बाबांकडे जायचं नाही. बाबा माझ्यावर ओरडतात. बाबांच्या घरी..." इथे ती अडकायची. पुन्हा पहिल्यापासून म्हणायची आणि पुन्हा तिथेच अडकायची. तिच्या तळहातांचा घाम माझ्या कडेला लागत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो बाई, फोन ठेवा आणि इकडे बघा. पण मी लाकडाची.

वकीलबाई परत आल्या. नियमाप्रमाणे काहीच न विचारता फाईल उघडून बसल्या. ठकठकनंच विचारलं, "काकू, मध्येच विसरलं तर आई जाते का?"

वकीलबाईंचं पेन थांबलं. त्या उठून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "नाही गं बाळा. विसरलं म्हणून कुणाची आई जात नाही," त्या म्हणाल्या. पोरीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की तिचा विश्वास बसला नव्हता, हे मलासुद्धा कळलं.

तिला बाहेर टायपिंग करणाऱ्या काकांकडे पाठवून वकीलबाईंनी आईला आत घेतलं. दार लावलं.

"काय पाठ करून घेतलंय तुम्ही तिच्याकडून?"

आई आधी नाही म्हणाली. मग रडली. "तीनच वाक्यं आहेत, मॅडम."

"बाबा तिच्यावर ओरडतात?"

"माझ्यावर ओरडायचे. तिच्यावर कधी नाही."

"मग ते वाक्य तुमचं आहे. ते मी माझ्या कागदात मांडलंय. तिच्या तोंडी का घातलंत?"

"तिला नीट सांगता आलं नाही आणि नेलं त्यांनी तर? मी काय करू मग? मला झोप नाही मॅडम. ती शाळेत गेली तरी मला वाटतं, ती आता परत येणार नाही."

वकीलबाईंचा आवाज जरा खाली आला. "न्यायाधीशांनी शेकडो पोरं ऐकली आहेत. पाठ केलेलं त्यांना पहिल्या ओळीत कळतं. मग ते म्हणतील, ही आई पोरीला बापापासून तोडते आहे. ज्या भीतीपोटी केलंत, तेच ओढवून घ्याल. आणि मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"मग आता?"

"आता तिला तुम्हीच मोकळं करायचं. माझं ऐकून ती मोकळी होणार नाही. तुम्ही सांगा, विसरलीस तरी चालेल. एवढंच."

आईनं सह्या केलेले कागद टेबलावर ठेवले. पदरानं तोंड पुसून निघून गेली. शुक्रवारपर्यंतचे चार दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. माझ्यावर कुणी फाईल आपटली तरी दचकत होते.

न्यायाधीशांच्या खोलीत सगळ्या खुर्च्या उंच असतात. म्हणून वकीलबाईंनी परवानगी काढून मला सोबत नेलं. मी टॅक्सीच्या डिकीत आडवी पडून गेले. वाटेत खड्ड्यात माझा एक पाय डिकीतल्या जादा चाकावर आपटला आणि कुरकुरायला लागला, तो अगदी कालपर्यंत कुरकुरत होता.

कोर्टाच्या लांब व्हरांड्यात एका टोकाला आई आणि दुसऱ्या टोकाला बाबा उभे होते. बाबांना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं होतं, कुणीतरी राक्षस असेल. तर हा साधा माणूस. नखांत ग्रीस, नवा शर्ट, आणि खिशातून रुमाल काढून सारखा मान पुसत होता. ठकठकची चप्पल निसटली तेव्हा तो पुढे आला, बसला, चप्पल घालून दिली आणि पुन्हा मागे गेला. तोही घाबरला होता. सगळे मोठे घाबरले होते आणि त्यांच्यामधून त्या पोरीला एकटीनं आत जायचं होतं.

शिपायानं मला आधी आत नेऊन ठेवलं. त्यामुळे दाराशी काय झालं, ते मला दिसलं नाही. आईनं तिला सांगितलं की नाही, हा एकच विचार माझ्या डोक्यात घोळत होता.

ठकठक आत आली. बसली. पाय जुळलेले, पाठ ताठ. न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "काय खाऊन आलीस सकाळी?"

ती म्हणाली, "मला बाबांकडे जायचं नाही. बाबा माझ्यावर ओरडतात. बाबांच्या घरी..."

थांबली.

भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. न्यायाधीशांनी पेन उचललं. मित्रांनो, माझा कुरकुरणारा पायसुद्धा गप्प झाला. मनात म्हटलं, संपलं. गेली ही पोर आईच्या हातून.

ती दाराकडे बघून म्हणाली, "पुढचं आठवत नाही. पण आई म्हणाली, विसरलीस तरी चालेल."

"कधी म्हणाली?"

"आत्ता. दाराशी. आणि म्हणाली, चूक माझी होती, तू काहीही बोल."

न्यायाधीशांनी पेनाला टोपण लावलं आणि ते बाजूला ठेवलं. "मग बोल काहीही," ते म्हणाले.

तिनं जुळलेले पाय सोडले. मग माझ्या दांडीवर टाच लागली. ठक. पुन्हा एकदा, ठक. आणि ती बोलत सुटली. बाबा तिला लिफ्टचं बटण दाबू देतात. बाबा ओरडत नाहीत, चुकून म्हटलं. आईला भाजी नीट जमत नाही, पण ती केस छान विंचरते. आणि बाबांच्या घरी भीती वाटते, कारण कुठेतरी लिफ्ट बंद पडली की बाबांना फोन येतो, ते जातात आणि ती एकटीच उरते. शेजारच्या आजी येऊन बसतात, पण त्यांना कमी ऐकू येतं.

"हे बाबांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना वाईट वाटेल."

'बाबांच्या घरी भीती वाटते' हे जे वाक्य तिला आठवत नव्हतं, तेवढंच खरं निघालं. आईनं ते मनानं रचलं होतं आणि पोरीला तिथे खरंच भीती वाटते, हे आईला ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर न्यायाधीशांनी आई-बाबांना आत बोलावलं. आईला त्यांनी चांगलंच सुनावलं. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हो साहेब, मीच शिकवलं होतं." मग त्यांनी बाबांना फोनची आणि आजींची गोष्ट सांगितली. बाबा कितीतरी वेळ स्वतःच्या नखांकडे बघत राहिले. "मला कधी बोलली नाही," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी ड्युटी बदलून घेतल्याचा कागद आणून दिला.

निकाल लागला. ठकठक आईकडे राहणार. आठवड्यात बाबांना सुट्टी असेल ते दोन दिवस ती त्यांच्याकडे. तिच्या शाळेचा आणि औषधाचा वाटा बाबा दर महिन्याला देणार. एकदा पैसे यायला उशीर झाला, तेव्हा आईचा फोन आला, "या शनिवारी पाठवू नको का?" वकीलबाई म्हणाल्या, "पाठवा. पैशाचं पत्र मी पाठवते." तिनं पाठवलं.

पुढे ऑफिस मोठ्या जागेत गेलं. नवे सोफे आले आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर आधी फायली, मग जुना प्रिंटर, मग धूळ. कुरकुरणारा पाय सुटायला आला. एका नव्या वकिलानं तर मला भंगारात काढायचं ठरवलं होतं. ज्या दिवशी त्यानं मला जिन्यापर्यंत नेलं, त्या दिवशी मी आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरले. वकीलबाई समोरून जिना चढत येत होत्या. त्यांनी काही न बोलता मला उचललं आणि परत आत आणलं.

काल त्यांनी सुतार बोलावला. त्यानं पाय ठोकून घट्ट केला. मग पुढच्या दांडीवर बोट फिरवून म्हणाला, "इथे चांगलीच खाच पडलीय. भरून, घासून रंग देऊ?"

"पाय घट्ट झाला ना? बस," वकीलबाई म्हणाल्या. "खाचेला हात लावू नका."

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी खुर्ची टाकण्याआधी तिचे पाय एकदा बघा. एखादा खिळा मारून भागत असेल तर तेवढं करा. आणि तुमच्यापैकी कुणाला मोठ्या माणसांनी काही पाठ करायला दिलं असेल आणि ते विसरायची भीती वाटत असेल, तर ते विसरा. तुमच्या घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा. त्यांना म्हणावं, तुमची भीती तुम्हीच बोला, आमच्या तोंडी घालू नका.

उद्या अकरा वाजता एक नवीन पोर येणार आहे. सहा वर्षांचं. मला आत्तापासून धडधडतंय. पण धूळ पुसून झाली आहे, चारही पाय जमिनीवर आहेत, आणि त्याचेही टेकतील.