माझ्या अंगात जुळलेली सोयरीक

मी एक जुना पट्टेरी मासा आहे. बोटाच्या दोन पेरांएवढाच आहे, पण मित्रांनो, एका अख्ख्या प्रयोगशाळेची अब्रू एकदा माझ्या हाती होती. मला हात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा मी अंड्यातून नुकता बाहेर आलो होतो, अगदी आरपार दिसायचो. माझ्या वाढत्या पेशींवर साखर कुठे चढते, ते आमच्या संशोधक ताईंना बघायचं होतं. त्यांनी मला खूण लावलेली साखर दिली. मी ती आपलीच समजून अंगाला लावून टाकली! आता त्या खुणेला चमकणारा रंग जोडायचा होता. पण जिवंत शरीर म्हणजे रसायनांचा भरबाजार. रंगाने वाटेत भलत्याशीच सलगी केली असती, तर माझं काही खरं नव्हतं.

आदल्या खेपेला ही सोयरीक तांब्याने जुळवली होती. खूण आणि रंग झटकन जुळले, पण तांबं बाधलं आणि माझी मोठी भावंडं गेली. ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

म्हणून ताईंनी नवा रंग आणून मला दिला. त्याच्या रेणूतलं अणूंचं कडं मुळातच इतकं ताणलेलं होतं, की तांब्यासारख्या मध्यस्थाशिवाय तो फक्त त्या खुणेलाच बिलगणार होता. पण त्याला वेळ लागत होता. ताईंचे वरिष्ठ येरझाऱ्या घालू लागले.

"अगं, किती वाट बघायची? चिमूटभर तांबं टाक, काम होईल."

"काम होईल सर, पण मासा राहणार नाही."

"आज हा चमकला नाही, तर उद्यापासून तांबंच. मग मी ऐकणार नाही."

उरलेल्या भावंडांची बशी शेजारीच होती. माझी छाती धडधडत होती. त्या वयात मला तेवढंच येत होतं.

शेवटी ताईंनी जास्तीचा रंग काढायला मला स्वच्छ पाण्यात धुतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि खोलीतला दिवा मालवला.

"सर, या ना! जबडा बघा, कल्ले बघा, कसे उजळलेत!"

सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"आणि हृदय?"

"चालू आहे की! तुमच्यापेक्षा जोरात."

सर हसले. तांब्याची बाटली त्यांनी स्वतःच कपाटात नेऊन ठेवली.

आता माझी चमक कधीच ओसरली आहे. ताई काचेला नाक लावून विचारतात, "यातला तो कुठला रे?" मी ऐटीत पुढे होतो, तर मला भुकेला समजून खाणं टाकतात. पूर्वी राग यायचा. खाणं मात्र खायचो.

मित्रांनो, एखाद्या जिवाच्या आत जरूर डोकावा, पण त्याचा चालता संसार मोडू नका. ताईंनी माझ्या अंगात शिरून एवढं काम केलं, आणि आज त्यांनाच मी ओळखू येत नाही. याहून मोठी शाबासकी त्यांना कोण देणार?