कामरगावात उतरलेला आवाज

मी एक जुना रेडिओ-संच आहे, मित्रांनो. गाणी ऐकवणारा नव्हे, तर हौशी रेडिओवाल्यांचा. माइक धरला की माझ्यातून दूरच्या माणसाशी बोलता येई.

कामरगावच्या मारोतरावांनी एकेक भाग जोडून मला उभे केले. त्यांनी परवाना मिळवला, गच्चीवर उंच एरियल चढवला आणि आमच्या संध्याकाळी अकोला-यवतमाळच्या मित्रांशी गप्पांत जाऊ लागल्या. एकदा पुरात फोन बंद पडले, तेव्हा गावाची खबर मीच बाहेर पोचवली. लोक मला पाहायला येत. मारोतराव माझ्यावरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसत.

मग घरोघरी मोबाइल आले. मी माळ्यावर गेलो. पुढे मारोतरावांना लकवा मारला, वाचा गेली. ओसरीवर बसून ते नुसते भिंतीकडे पाहत.

अशात आपल्या देशाचा एक अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर गेला. तिथून तो शाळकरी मुलांशी रेडिओवर बोलणार, असे मारोतरावांच्या लेकीला, निकिताला कळले. तिने मला खाली उतरवले.

"काहून हे काढून राह्यली बाई? त्याहिले आता बोलता येते का?" तिची आई, रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"बोलाचं नाही आई, आयकाचं हाये."

ठरल्या वेळी तिने एरियल जोडून मला सुरू केले. आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीतून एक माणूस बोलू लागला, "सोते वक्त हम खुद को दीवार से बाँध लेते हैं, बच्चों. नहीं तो तैरते-तैरते कहीं और जागेंगे!"

"अगं माय!" रुख्मिणीबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

स्थानक पुढे सरकत होते, तसा आवाज फाटू लागला. निकिता गोंधळली. तेवढ्यात मारोतरावांचा डावा हात माझ्या लहर जुळवायच्या चाकीवर आला. त्यांनी ती केसभर फिरवली आणि आवाज पुन्हा स्वच्छ झाला. किती वर्षांनी ती बोटे मला लागली! स्थानक क्षितिजाआड जाईपर्यंत त्यांनी तो आवाज निसटू दिला नाही.

"गेला का हो तो?" रुख्मिणीबाईंनी विचारले.

मारोतरावांनी मान हलवली आणि बोटाने हवेत एक मोठे वर्तुळ काढले. फिरून येईल!

रुख्मिणीबाईंनी डोळे टिपले. "निकिता, याले इथंच राहू दे. त्याहिच्या हाताजवळ."

मित्रांनो, एखादी वस्तू किंवा एखादे माणूस गप्प झाले, म्हणून संपले असे समजू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसून तर पाहा.