गेनबांचं नियोजित मेडिकल कॉलेज

माझा भाऊ सीताराम फोनवर गोड बोलायला लागला की मी ओळखते, जमीन विकायला काढली. एरवी वर्ष वर्ष त्याला बहीण आठवत नाही. "अक्का, उद्या जेवायलाच ये, पुरणपोळी हाय," असं आलं की मी पर्समध्ये आधी वाचायचा चष्मा टाकते. जेवण होतं, वहिनी साडी आणते, आणि साडीच्या खाली कागद असतो. 'या जमिनीवरचा माझा हक्क मी राजीखुशीने सोडत आहे.' खाली सही, विजयमाला. आजवर असे अकरा कागद झाले आणि कपाटात अकरा साड्या झाल्या. त्यातल्या सात मोरपंखी आहेत, कारण वहिनीचा दुकानदार ठरलेला आहे आणि माझ्या आवडीनिवडीशी त्याला काही देणंघेणं नाही.

या वेळी कारण मात्र चांगलं होतं, ते मान्य करते. सीतारामची ऋतुजा, माझी भाची, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत पास झाली होती. नुसती पास नाही, सरकारी कॉलेजात तिचा नंबर लागला होता. फक्त तो लागला होता नंदुरबारला.

"नंदुरबार म्हंजी कुठशी आलं?" आमचे वडील, गेनबा अण्णा, वय चौऱ्याऐंशी, यांनी विचारलं.

ऋतुजाने मोबाईलवर नकाशा दाखवला. अण्णांनी तो हातात घेतला, बोटाने सरकवला, सरकवला, सरकवतच राहिले आणि मोबाईल परत दिला. "ह्ये संपंना," म्हणाले.

आता अण्णांची अडचण आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं खुळ्यांचा बाजार वाटेल. तसा तो होताच, पण त्याला शिस्त होती. अण्णा जन्मात कुठे गेले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच: आपण जायचं नाही, थांबायचं. सगळं येतं. खडकवासल्याचं धरण आमच्या उशाशी, पण प्यायला विहिरीचं पाणी. अण्णा कुणाच्या दारात गेले नाहीत, थांबले. नळ आला. मग रस्ता आला, बस आली, बँक आली, भटकी कुत्री धरायची गाडी आली. आणि चार वर्षांपूर्वी गाव महापालिकेत घेतलं, तेव्हा तर अख्खं पुणं आलं. आमच्या वेशीवर 'पुणे १४ किलोमीटर' असा दगड होता. एक दिवस कुणीतरी तो उपटून नेला, कारण आता आम्हीच पुणे. अण्णा पारावर बसून म्हणाले, "बघा. मी हाय तिथंच हाय. त्यालाच यावं लागलं."

तर यंदा ऋतुजाने मे महिन्यात परीक्षा दिली, त्याच आठवड्यात अण्णांनी गोठ्याशेजारच्या तुकड्यावर पाटी ठोकली. 'नियोजित मेडिकल कॉलेजची जागा. मालक गेनबा.' कुणी नियोजित केलं, विचारू नका. अण्णांनी. पोरगी लांब जायला नको, खर्च नको, कॉलेज येईल तेव्हा त्याला उतरायला जागा असावी, एवढाच विचार.

आणि लोक यायला लागले हो! खडकीहून एक गृहस्थ मुलाची मार्कशीट झेरॉक्स करून घेऊन आले. "फॉर्म कधी निघणार?" अण्णांनी त्यांना चहा दिला आणि उलट विचारलं, "तुम्हास्नी लांब न्हाय ना पडत?" ते म्हणाले, "छे, एकच बस बदलावी लागते." अण्णा खूश. झेरॉक्स बिस्किटाच्या डब्यात गेली. लातूरकडून आलेल्या एका बाईंनी होस्टेलचं विचारलं. अण्णांनी गोठ्याकडे बोट केलं, "ह्याच्या वर मजला चढवू." बाईंनी वरची खोली मुलीसाठी धरून ठेवायला सांगितली. ऑगस्टपर्यंत डब्यात एकशे बारा अर्ज झाले आणि अण्णा वशिला लावणाऱ्यांवर खेकसायला लागले.

"अण्णा, अहो कॉलेज कुठंय?" मी एकदा विचारलं.

"वाटंवर हाय."

समोरच्या बाजूला फ्लॅटची स्कीम चालली होती. त्या बिल्डरने मोठा फलक लावला: 'नियोजित मेडिकल कॉलेजपासून फक्त दोन मिनिटांवर.' झालं! अण्णांनी मला हाताला धरून तो वाचायला लावला. "आता तर छापून आलंय. बिल्डर काय येडा हाय का?" बिल्डरला पाटी बघून खरं वाटलं, अण्णांना फलक बघून. मी मध्ये उभी राहून दोन्ही वाचलं आणि घरी आले.

पण त्यानं गंमत अशी झाली की आमच्या जमिनीचा भाव वाढला. आमच्या घरात पैसे रुपयात मोजायची पद्धत केव्हाच गेली, सगळं गुंठ्यात. सीतारामचं लग्न अर्धा गुंठा, स्कॉर्पिओ पाऊण गुंठा. घरापासून वीस मिनिटांवर एक खाजगी मेडिकल कॉलेज होतं, त्याची पूर्ण फी सीतारामने आधी काढली तेव्हा पाच गुंठे भरत होती. नसलेलं कॉलेज आल्यामुळे असलेलं कॉलेज चार गुंठ्यांत बसायला लागलं. नंदुरबारचं सगळं मिळून पाव गुंठा. पण नंदुरबार लांब. म्हणून सीतारामने ठरवलं, शेवटचा तुकडा, तोच पाटीवाला, विकायचा आणि पोरगी घरी ठेवायची. त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर माझंही नाव होतं. म्हणून पुरणपोळी.

जेवण झालं. वहिनीने साडी आणली. मोरपंखी. मी पर्समधून चष्मा काढला.

"आत्या, सही करू नकोस," ऋतुजा म्हणाली.

ती दारात उभी होती, हातात मोबाईल. डोळे रडून सुजलेले. "उद्या पाचपर्यंत तिकडे रिपोर्ट नाही केलं तर सीट जाणार. गेली म्हणजे गेलीच, दुसऱ्याला देतात. ती माझ्या मार्कांवर मिळालीये गं. इथं शिकले तर सगळे मला गुंठ्यांची डॉक्टर म्हणतील. मला जायचंय."

"गप," सीताराम म्हणाला. "चारशे किलोमीटरवर तुला ताप आला तर कोन बघंल?"

"बाबा, ते मेडिकल कॉलेज आहे. तिथं डॉक्टर असतात."

मला हसू आलं, पण सीतारामला नाही आलं. अण्णा खाटेवरून म्हणाले, "दोन्ही नको. येक वर्स थांब पोरी. कॉलेज येतंय. थांबलं की येतं."

माझा हात पेनवर होता. ते 'थांब' ऐकून तो तिथेच थांबला. हा शब्द मी आधी ऐकलेला होता. ह्याच घरात, ह्याच आवाजात.

"अण्णा," मी म्हणाले, "मला नर्सिंगला नंबर लागला होता, आठवतं? पुण्याला. अठरा वर्षांची होते. पत्र आलं होतं."

"हूं."

"तुम्ही म्हणालात, पुणं लांब हाय. थांब."

"लांबच हुतं तवा."

"चौदा किलोमीटर होतं! दगडावर लिहिलेलं होतं! मी थांबले, अण्णा. रोज त्या दगडापाशी जाऊन थांबले. मग माझं लग्न लावलंत. आणि पुणं आलं, तुम्ही म्हणालात तसंच आलं, नाही कुठं म्हणते मी. पुणं आलं तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. मी काय करू त्या पुण्याचं?"

मला रडायचं नव्हतं. रडले. एवढ्या वर्षांचा राग होता तो, साड्यांच्या घड्यांमध्ये ठेवलेला. वहिनी साडी उचलायला पुढे आली, बहुतेक ओली होईल म्हणून.

मी पेनला टोपण लावलं. "सीताराम, मी सही करणार नाही. आता काय विकतोस ते विक."

तो उठला, बसला, परत उठला. "अक्का, तुला डोकं हाय का? मग हिचं काय?"

"पाव गुंठा," मी म्हणाले. "तेवढा तुझ्या बँकेत पडून आहे."

गोठ्यात म्हैस ओरडली. अण्णा बाहेर त्यांच्या पाटीकडे बघत होते. मग म्हणाले, "सीताराम, गाडीत डिझेल हाय का?"

पहाटे पाचला निघालो. सीताराम चालवत होता, फुगलेला. मागे ऋतुजा आणि मी. आणि पुढच्या सीटवर, फेटा बांधून, अण्णा! "मी बी येतो. बघू तरी किती लांब हाय." मांडीवर बिस्किटाचा डबा. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्यांनाच इचारतो, आमच्यात कधी येनार. एकशेबारा पोरं खोळंबलीत."

नारायणगाव आलं. अण्णांनी खिडकीतून नीट पाहणी केली. "ह्ये पंधरा वर्सांत येईल पुण्यात," म्हणाले. संगमनेरला म्हणाले, "पंचवीस." नाशिकला म्हणाले, "ह्यांचं ह्यांचं वेगळं चाललंय." मालेगावानंतर हिशोब थांबला. धुळ्याला त्यांनी मागे वळून ऋतुजाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अजून?" ती म्हणाली, "अजून, आज्जा." मग अण्णांनी फेटा काढून डब्यावर ठेवला. मला वाटतं, त्यांना तिथे पहिल्यांदा कळलं की काही गोष्टी येत नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही काउंटरवर होतो. कारकुनाने कागद तपासले, एकेक बाजूला ठेवला. शेवटी म्हणाला, "बॉण्डला दोन जामीनदार लागतील. एक वडील. दुसरं कोण?"

अण्णा पुढे झाले. कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्ही नको. वय जास्त आहे. जरा कमी वयाचं, नावावर काही जमीन वगैरे असलेलं कुणी?"

सीतारामने माझ्याकडे बघितलं. मी पर्समधून चष्मा काढला.

"बाई, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे?"

"आहे," मी म्हणाले. "काल जाणार होतं. राहिलं."

त्याला काही कळलं नाही. त्याने कागद पुढे सरकवला. अण्णांनी कागदाची कड धरली. "सावकाश," म्हणाले. "वाचून घे आधी. मी थांबतो."

मी सगळा वाचला. सोडते, देते, हक्क नाही, असं त्यात काही लिहिलेलं नव्हतं. मी सही केली. ऋतुजाने आधी तारीख बघितली, मग घड्याळ, आणि माझ्या गळ्यात पडली. साडेचार झाले होते.

बाहेर येताना अण्णांनी बिस्किटाचा डबा काखेत तसाच धरला होता. कारकुनाला त्यांनी काही विचारलं नव्हतं.

ही माझी बारावी सही. हिची साडी मिळाली नाही.